अमेरिकेच्या सूनबाईचं सूप

आमच्या माहेरी गौरीच्या सणाला एक सूप जास्तीचं भरलं जायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रत्नागिरीकडे गौर आली की घरातल्या सुना तिच्यापुढे ओवसा करतात. म्हणजे नव्या सुपात पानं मांडायची, त्यांवर फळं, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी ठेवायची आणि ते सूप दोन्ही हातांत धरून गौरीला ओवाळायचं. आमच्याकडे आई आणि दोघी काकू नथी घालून उभ्या राहायच्या. त्यांच्या शेजारी आणखी एक सूप असायचं, त्याला बाई नव्हती. ते अमेरिकेच्या सूनबाईचं.

ही सूनबाई कुणी पाहिलेली नव्हती. माझ्या आजोबांचे थोरले काका आगबोटीवर खलाशी म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. पुष्कळ वर्षांनी गावातलाच दुसरा एक खलाशी सुटीवर आला आणि ओटीवर बसून सांगू लागला, की तुमचे काका अमेरिकेत एका बंदरात उतरले, आत खूप लांब गेले आणि तिथल्या मूळच्या लोकांपैकी एका बाईशी लग्न करून राहिले. बरे आहेत, पण परत येतीलसं दिसत नाही. माझ्या पणजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाईचं नाव काय?" ते त्याला माहीत नव्हतं. तेव्हा पणजी म्हणाली, "नाव नसलं म्हणून काय झालं? माझी थोरली जाऊ आहे ती. तिचा ओवसा चुकायला नको." त्या वर्षापासून ते जास्तीचं सूप.

सूप धरायला घरातली कुवारीण लागे. आमच्या घरात मुलगी एकच, ती मी. त्या पोरीचा रुबाब काय वर्णावा! परकर सावरत ती अशी चालायची की जणू गौर तिलाच पाहायला आली आहे. खलाशानं सांगितलेल्या साध्या बाईची तिनं राजकन्या करून टाकली. आमची सूनबाई घोड्यावर बसून पाणी भरायला जाते, असं तिनं शाळेत सांगितलं. घागर घोड्यावर कशी राहते, हे विचारायची अक्कल वर्गात कुणालाच नव्हती. एका वर्षी ती कोंबड्याची पिसं केसांत खोचून ओवाळायला उभी राहिली, तेव्हा आईनं ती गौरीच्यादेखत उपटली. आणि ओवसा झाला की बाकीच्या सुपांतली फळं ज्या त्या सुनेच्या हातून घरात वाटली जायची. या सुपाची मालकीण सातासमुद्रापलीकडे. त्यातले पेरू, केळी सगळं त्या पोरीच्या पोटात जायचं. अमेरिकेच्या सुनेवर तिचं एवढं प्रेम कशामुळे होतं, ते आता माझ्या लक्षात येतं.

पुढे मला बघायला पाहुणे आले. "स्वयंपाकात काय काय येतं?" असा सरळ प्रश्न होता. त्यावर या शहाणीनं उत्तर दिलं, "आमच्या घराण्यात अमेरिकेची राजकन्या सून म्हणून आलेली आहे." माझे होणारे सासरे सुपारी कातरत होते. ते मान वर न करता म्हणाले, "हो का? मग भाकऱ्या कोण भाजतं?" तरी त्यांनी मला पसंत केलं. भाकऱ्या मला येत नव्हत्या, हे त्यांना लग्नानंतर कळलं.

आता मी बहरीनला लेकीकडे असते. 'असते' हा शब्द आत्ता मी किती सहज लिहून गेले! हा शब्द तोंडातून निघेपर्यंत मी घरातल्या सगळ्यांचा जो जीव खाल्ला, तीच खरी हकीकत आहे.

मला एकुलती एक लेक. ती आणि जावई दोघंही इथल्या माहूज भागात एका इमारतीत राहतात. ती एका ऑफिसात हिशेब पाहते, जावई बँकेत आहेत. मूळचे पुण्याचे, त्यामुळे शांत आणि वक्तशीर. नऊ वर्षांची नात आहे. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं आपण एकच भाषा बोलतोय. आमचे हे गेल्यावर मी तालुक्याच्या घरात एकटी उरले. तेव्हापासून लेक मला इकडे बोलावत होती आणि मी येतही होते, पण पाहुणी म्हणून. लेकीच्या घरी राहायला जायचं नसतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

ते बसवलं कुणी? मीच. लेकीच्या लग्नात व्याही मंडळींसमोर पन्नाशीतल्या त्या बाईनं पदर खांद्यावरून घेऊन भर मांडवात जाहीर केलं होतं, "आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत हो." सांगून झालं तेव्हा विहीणबाईंनी दिलेल्या पन्ह्याचा दुसरा पेला तिच्या हातात होता. पण वाक्य एवढ्या मोठ्यानं बोललं गेलं होतं की पुढे वीस-बावीस वर्षं मला ते निभावावं लागलं.

तर मी पाहुणी होते. आणि पाहुणीची खूण म्हणजे माझी बॅग. नातीच्या खोलीत तिच्या पलंगाखाली ती असायची. साडी त्यातून काढायची, नेसायची, धुवायची, वाळली की घडी करून पुन्हा बॅगेत. लेकीनं माझ्यासाठी कपाटाचा खालचा खण रिकामा केला होता. त्यात नुसते हँगर लोंबत होते. नात अधूनमधून पलंगाखाली डोकावून म्हणायची, "आजी, व्हेन विल यू अनपॅक? आय नीड दॅट स्पेस."

जावयांनी माझ्या रेसिडेंट कार्डाची सगळी जमवाजमव करून ठेवली होती. मी एकदा जाऊन फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे, एवढंच उरलं होतं. ते विचारायचे, "आई, या आठवड्यात जाऊ या का?" मी म्हणायची, "इंशाल्ला." हा शब्द मी इथे आल्याबरोबर उचलला. नाही म्हणायचं असेल आणि भांडणही नको असेल, तर यासारखा शब्द नाही. समोरचा मान डोलावतो आणि गप्प बसतो. पण जावई पुणेरी. ते म्हणाले, "आई, इंशाल्ला म्हणजे मंगळवार की बुधवार?"

त्या उन्हाळ्यात लेकीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. बाहेर इतकं ऊन होतं की खिडकीच्या काचेला हात लावता येत नव्हता. मी कोथिंबीर निवडत होते.

"आई, तू तिकडे न्हाणीघरात पडली होतीस ते मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तू नाही."

"पडले म्हणजे काय, बसले जरा. ओल होती."

"तासभर बसलीस?"

मी कोथिंबिरीच्या काड्या मोजल्यासारखं केलं.

"गणपतीच्या आधीचं तुझं परतीचं तिकीट आहे," ती म्हणाली. "तू गेलीस की मी रोज रात्री फोन लावणार आणि तू उचलेपर्यंत लावतच राहणार. या वेळी मला इंशाल्ला नको. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला हसवून वेळ मारून नेली असती. मी म्हटलं, "सांगते, जाण्याआधी सांगते." आणि माझं मन मला ठाऊक होतं. मी नाहीच म्हणणार होते.

आता यात अमेरिकेची सूनबाई कुठून आली? तर जावयांना पूर्वज शोधायचा नाद. आधी त्यांनी स्वतःचं घराणं शोधलं. काही पिढ्या मागे गेले, सगळे पुण्यातच सापडले. फार तर नदी ओलांडून पलीकडे गेलेला एक निघाला. त्यांचा विरस झाला. मग मी गप्पांच्या ओघात सुपाची गोष्ट सांगितली आणि त्यांचे डोळे चमकले. कुठूनतरी त्यांनी डीएनए तपासणीची नळी मागवली आणि माझ्यापुढे धरून अत्यंत आदरानं म्हणाले, "आई, यात थुंकायचंय."

जावयानं समोर उभं राहून सासूला थुंकायला सांगावं आणि सासूनं पदराआड तोंड करून थुंकावं, असा प्रसंग आमच्या घराण्यात आधी घडलेला नसणार. ते ऑफिसच्या कामानं अमेरिकेला निघाले होते, तेव्हा ती नळी सोबत घेऊन गेले.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. ओक्लाहोमा नावाच्या राज्यातल्या एका बाईंचं आणि माझं रक्त जुळत होतं. जावयांनी त्यांना निरोप पाठवला. त्यांचंही उत्तर आलं, की माझ्या आईचे वडील हिंदुस्थानातून बोटीनं आले होते, एवढंच आम्हाला माहीत आहे, तुम्ही कोण? मी बोटांवर नातं मोजलं. त्यांची आई माझ्या आजोबांची चुलत बहीण. म्हणजे या बाई माझ्या वडिलांची बहीण लागणार. वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण नात्यानं माझी आत्या. नव्या आत्या मिळण्याचं माझं वय राहिलेलं नाही, पण मिळाली.

शुक्रवारी आमची संध्याकाळ आणि त्यांची सकाळ साधून व्हिडिओवर गाठ घातली. मी नवी साडी नेसले होते. ते राजकन्येचं भूत डोक्यातून पुरतं उतरलेलं नव्हतं. पडद्यावर ओटीसारख्या जागेत बसलेल्या एक बाई दिसल्या. टीशर्ट, डोक्यावर टोपी, पायाशी कुत्रा, हातात कॉफीचा भला मोठा पेला. जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली होती. मी पोस्टाच्या काउंटरवर जन्म काढल्यामुळे इंग्रजी मला येतं, पण त्यांचं इंग्रजी लाटेसारखं एका दमात अंगावर येतं. म्हणून जावई मध्ये बसले.

"आम्ही चॉक्टॉ," आत्या म्हणाल्या. ते त्यांच्या लोकांचं नाव. त्यांचा मूळ मुलूख पूर्वेला मिसिसिपीकडे. सरकारनं त्यांना तिथून उठवलं आणि ओक्लाहोमाकडे हाकललं, वाटेत कितीतरी माणसं गेली. हे सांगताना त्यांनी चेहऱ्यावरचं हसू जरा वेळ बाजूला ठेवलं. मग कॉफीचा घोट घेतला आणि हसू परत आणलं.

मी जावयांना म्हटलं, "विचारा, त्यांची आजी राजघराण्यातली होती का?"

आत्या एवढ्या हसल्या की कुत्रा उठून गेला. त्या काहीतरी म्हणाल्या. जावई म्हणाले, "त्यांच्या आजी पशुपालन करायच्या."

"डुकरं म्हणाल्या त्या. मला ऐकू आलं."

"हो. डुकरं पाळायच्या."

पोरी, ऐकलंस? मी मनातल्या मनात त्या पिसंवालीला म्हटलं. घोडा नव्हता.

पण थुंकीवर माझा विश्वास नव्हता. नळ्या बदलू शकतात. पोस्टात काढलेल्या आयुष्यानं मला एवढं शिकवलंय. म्हणून मी विचारलं, "आजोबा घरी काय रांधायचे?" बोटीवर ते भंडाऱ्याच्या, म्हणजे तिथल्या आचाऱ्याच्या, हाताखाली होते असं आमच्याकडे सांगत.

आत्या उठून आत गेल्या. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचा गोळा कणसावरच्या पानांत बांधून उकडतात, त्याला बनाहा म्हणतात. ते बिनगोडाचं असतं. "पण आमच्या घरचं गोड असतं," त्या म्हणाल्या. "त्यावरून सगळे आम्हाला चिडवतात. आजोबांनी बिघडवलं म्हणतात." आणि त्यांनी करून दाखवलं. ओलं पान पसरलं. बोटं पाण्यात बुडवून पीठ चार बोटांनी पानावर चपटं थापलं. मधोमध काकवीत शिजवलेल्या सारणाची रेघ ओढली. तिकडेही ज्वारीसारख्या धाटांची काकवी करतात. मग पान उभं दुमडलं आणि वरून तळहातानं हलकेच दाबलं.

मी खुर्चीवरून उठले. लेकीला हाक मारली, "अगो, इकडे ये, बघ!" हळदीचं पान नव्हतं, तांदूळ नव्हता, नारळ नव्हता, गूळ नव्हता. पण ते आमचे पातोळे होते. माझी आई असंच थापायची. मी असंच थापते. पान दुमडल्यावर दाबायचा तो तळहात तर आमच्याच घरातला.

"मफी शक," जावई इथल्या अरबीत म्हणाले, म्हणजे शंकाच उरली नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी धाकट्या भावाला गावी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे सूनबाई सापडली म्हण की. मग या गौरीला तिच्या सुपाला जोर. तू येत्येस ना ताई? कायमची ये. लेकीकडे किती दिवस राहणार? बरं दिसत नाही." मी म्हटलं, "येत्ये." लेक ताटं मांडत होती. तिनं एक ताट जरा जोरात ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी मी आत्यांना सुपाची गोष्ट सांगितली. चार पिढ्या तुमच्या आजीच्या नावानं, म्हणजे नाव माहीत नव्हतं तरी तिच्या नावानं, आम्ही सूप भरत आलो, असं जावयांनी सावकाश सांगितलं. आत्यांनी टोपी काढली. ती मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "त्यात काय ठेवता?"

मी सांगितलं.

"आणि ती फळं कोण खातं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. जावयांनी भाषांतर करायच्या आतच मी बोट स्वतःच्या छातीकडे केलं. आत्यांनी टाळी वाजवली. "माझ्या आजीची फळं!" त्या ओरडल्या. "मला सगळी परत हवीत!"

मग त्यांना एक शंका आली. "तुम्ही तिला सून का म्हणता? ती कुठे तुमच्याकडे आली? आजोबाच आमच्याकडे आले. आमच्याकडे मुलं आईच्या कुळाची. घर आजीच्या आईचं होतं, तिच्या घरात आजी, आणि आजीच्या मागून आजोबा."

जावई भाषांतर करताना अडखळले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काय म्हणतायत त्या?"

"आई, म्हणजे... आपल्याकडे त्याला घरजावई म्हणतात."

ज्यांच्या नावावर मी शाळेत मिरवले, बघायला आलेल्या पाहुण्यांना गप्प केलं, ते आमच्या घराण्याचे पराक्रमी पुरुष सासूच्या घरात राहत होते! मी पदर सारखा केला. म्हटलं, "विचारा, त्यांना लाज नाही वाटली?"

जावयांनी काहीतरी लांबलचक, मऊ मऊ विचारलं. 'लाज' त्यात कुठेही नव्हती, हे मला कळलं.

आत्या सांगू लागल्या आणि जावई एकेक वाक्य मराठीत ठेवत गेले. सुरुवातीला आजोबांना फार अवघड गेलं. त्यांची एक पेटी होती, बोटीवरची. ती ते दारापाशी भरून ठेवायचे. सदरा काढायचा, घालायचा, धुवायचा, घडी करून पुन्हा पेटीत. विचारलं तर म्हणायचे, मी पाहुणा आहे, जायचंय. मुलगी झाली तरी पेटी दारापाशीच. जुन्या चालीप्रमाणे सासू आणि जावई एकमेकांकडे बघत नसत, बोलत नसत. तो मान देण्याचा प्रकार. ती आली की आजोबा भिंतीकडे तोंड करायचे, ते आले की ती डोक्यावरचं फडकं पुढे ओढायची. एका संध्याकाळी आजोबा शेतावरून आले, तर त्यांचे सदरे खुंट्यांवर टांगलेले आणि पेटीत मक्याचं बियाणं भरलेलं. आता तक्रार करायची कशी? सासूशी तर बोलताच येत नाही! ते भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले म्हणे, आणि मग हात धुऊन जेवायला बसले. त्यानंतर त्यांनी जायचं नाव काढलं नाही.

स्वयंपाकघरातून लेकीचं हसणं ऐकू आलं. खळखळून. नात ओरडली, "लाइक आजीज बॅग!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी जावयांकडे वळले. "हे तुम्ही रचलंत."

"मी?"

"पेटीचं. त्या दुसरंच काही सांगत असतील. नवरा-बायकोनं मिळून ठरवलंत ना? म्हातारीला बॅग उपसायला लावायची म्हणून?"

"आई, शप्पथ! मी बँकेत आहे, मला इतकं रचता येत नाही."

"परवा डुकरांचं पशुपालन केलंत, आणि रचता येत नाही म्हणता? सरका."

मी त्यांना बाजूला केलं, पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि माझ्या पोस्टाच्या इंग्रजीत एकेक शब्द ठासून विचारलं, "आत्या. बॉक्स. रिअली?"

आत्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग फोन हातात घेऊन उठल्या. ओटी गेली, दार गेलं, कुत्र्याचं शेपूट गेलं, आणि एका खोलीच्या कोपऱ्यात फोन थांबला. तिथे पेटी होती. लाकडी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, पुढे कोयंडा. आमच्या माहेरी माळ्यावर अशीच एक आहे. आत्यांनी झाकण उघडलं. आत गोधड्या होत्या. त्यांनी त्या एका हातानं वर उचलल्या आणि तळाशी हात घालून काहीतरी काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. मक्याचा एक दाणा. फटीत अडकलेला. जुना की नवा, देव जाणे.

"रिअली," आत्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारलं, "तू का विचारलंस?" मी जावयांना पुन्हा बोलावलं नाही. मीच सांगितलं. आय ऑल्सो. बॅग. डॉटर्स हाउस. आत्या हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि अडचणही दिसली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग दुसरीकडे कुठे राहणार तू?"

फोन ठेवण्याआधी मी एक गोष्ट विचारून घेतली. पणजीनं ओटीवर विचारली होती तीच. आत्यांनी त्यांच्या आजीचं नाव सांगितलं. दोनदा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा मला बरोबर जमलं.

मी नातीच्या खोलीत गेले. बॅग ओढून काढली. लेक दारात येऊन उभी राहिली. मी कपाट उघडलं.

"मला खालचा खण कुणी दिला?"

"का गं?"

"या गुडघ्यांनी मी रोज वाकू? वरचा दे. आणि डांबराच्या गोळ्या काढ आधी, साड्यांना वास लागतो."

"बरं."

"आणि हे हँगर बारीक आहेत. नऊवारी राहायची नाही यांवर."

"बरं, आई."

ती पाठ करून हँगर काढू लागली. बराच वेळ काढत होती, एवढे हँगर नव्हतेच तिथे. मीही भिंतीकडे तोंड करून साड्यांच्या घड्या घालत बसले. त्या जुन्या चालीत काहीतरी सोय आहे खरी.

रविवारी जावई सकाळी म्हणाले, "आई, फोटोला..." मी चपला घालून तयार होते. "यल्ला, चला," म्हटलं. गाडीत मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

"काय झालं? ऊन लागतंय?"

"नाही हो जावईबापू. आता एका घरात राहायचंय. तुमच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, चाल आहे."

"मग भाजीत मीठ कमी पडलं तर मी सांगायचं कसं?"

"नाही सांगायचं. हात धुऊन जेवायला बसायचं."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, सरळ कॅमेऱ्याकडे बघा, हसू नका. ते मला जमलं नाही. दोनदा फोटो काढावा लागला.

माझी बॅग आता नातीनं घेतली आहे. तीत तिचे ठोकळे आणि एक पाय नसलेली बाहुली राहते. परतीच्या तिकिटाचं मात्र मी काही केलं नाही, ते वापरायचंच होतं. नुसतं त्याला पुन्हा इकडे येण्याचं तिकीट जोडलं. मग भावाला फोन केला.

"घरजावई?" तो तिकडून ओरडला. "आपला माणूस? ताई, गावात बोलू नकोस हो हे."

"पहिल्यांदा गावातच सांगणार आहे."

"आणि मग सूप कशाला भरायचं? ती आपली सूनच नव्हती तर!"

"पणजीची थोरली जाऊ तर होती ना? सूप भरायचं. आणि या वेळी नाव घेऊन ओवाळायचं. नाव आहे आता."

"काय नाव?"

"गौरीपुढे घेईन तेव्हा ऐक."

ते नाव मी इथेही लिहीत नाही. एवढी वर्षं ज्या सुपाला नाव नव्हतं, त्याच्यासमोरच ते आधी उच्चारलं जावं असं मला वाटतं.

भावानं नावाचा हट्ट सोडला. मग म्हणाला, "बरं, पण तू येत्येस ना? खोली झाडून ठेवलीय."

"येत्ये की. गौरीला येत्ये. पाहुणी म्हणून."

"पाहुणी?"

"पाहुणीच. चार दिवस लाड कर आणि पाठव परत. आणि हे बघ, सुपातले पेरू जरा मऊ बघून आण. एक मी खाणार, आणि बाकीचे आत्यांना व्हिडिओवर दाखवून मग खाणार."